महिन्याला १९ डॉलर

२००३ च्या मार्चमध्ये अमेरिकेनं इराकवर चढाई केली आणि थोड्याच दिवसांत वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात वेगळ्याच प्रकारचे जखमी येऊ लागले. व्हिएतनामच्या काळात यातले बरेच जण रणभूमीवरच गेले असते. आता छातीवर चिलखत होतं, आघाडीच्या जवळच शस्त्रक्रियेची सोय होती आणि जर्मनीतल्या लांडश्टूलमार्गे काही दिवसांत मायदेशी आणणारं विमान होतं. त्यामुळे धड वाचायचं. हात, पाय, डोळे आणि मेंदू वाचतीलच असं नव्हतं. विमानातून उतरवलेल्या या विशीतल्या पोरांच्या अंगावर बहुतेक वेळा रुग्णालयाचा झगाच असायचा, कारण त्यांचं सामान मागे छावणीत राहिलेलं.

ही अवस्था जॉन मेलिया यांना आतून ठाऊक होती. मरीन दलात असताना १९९२ मध्ये सोमालियाजवळ झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात ते स्वतः जखमी झाले होते. व्हर्जिनिया राज्यातल्या रोनोक गावी घरच्यांना आणि मित्रांना हाताशी धरून त्यांनी पाठीवरच्या सॅक भरायला सुरुवात केली. कपडे, दाढीचं सामान, गाणी ऐकायला सीडी प्लेअर, पत्त्यांचा कॅट. ही सॅक जखमीच्या खाटेपाशी नेऊन ठेवायची. ‘वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट’ या संस्थेचा जन्म असा झाला. पुढे बारा वर्षांत तिच्याकडे वर्षाला ३७ कोटी डॉलरहून अधिक पैसा येऊ लागला, तेराव्या वर्षी तिच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं, आणि त्यानंतरच्या वर्षात उत्पन्न २१ कोटींच्या आसपास घसरलं. युद्धातल्या जखमींसाठी लोकांनी दिलेला पैसा कसा येतो, कसा मोजला जातो आणि कुठे कमी पडतो, हे समजून घ्यायला याहून बोलकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

सॅकेचा हिशेब सोपा असतो. देणाऱ्याला सॅक दिसते, घेणाऱ्याच्या हातात सॅक पडते, मध्ये गळती नाही. स्वयंसेवकांना पगार नाही, ऑफिसला भाडं नाही. शंभर डॉलर दिले तर जवळपास शंभर डॉलरचं सामान पोचतं. जगातल्या सगळ्या धर्मादाय संस्था बाळपणी अशाच निर्मळ दिसतात, आणि दात्याच्या मनात त्यांचं तेच रूप कायमचं ठसतं. अडचण अशी की पाय गेलेल्या माणसाला तिसऱ्या महिन्यात सॅकेचा उपयोग नसतो. त्याला कर्जाचा हप्ता भरायचा असतो. बायको नोकरी सोडून रुग्णालयाजवळ येऊन राहिलेली असते.

म्हणून २००५ मध्ये या संस्थेनं जे केलं ते मला तिचं सर्वांत मोठं काम वाटतं. काही जखमी सैनिकांना बरोबर घेऊन तिची माणसं संसदेत खेटे घालू लागली. त्या वर्षीच्या मे महिन्यात कायदा झाला. सैनिकांच्या सामूहिक विम्यात गंभीर दुखापतीचं संरक्षण जोडलं गेलं आणि अवयव किंवा दृष्टी गमावलेल्याला २५ हजारांपासून १ लाख डॉलरपर्यंत रोख रक्कम मिळू लागली. दुखापत झाल्यावर, थोड्या काळात, पेन्शनची वाट न पाहता. एका सहीनं हजारो कुटुंबांच्या हातात जो पैसा पडला तो सॅका भरून कधीच पडला नसता. आता हेच काम संस्थेच्या जमाखर्चात कसं दिसतं ते बघा: विमानाची तिकिटं, हॉटेल, वकिलांची फी, पगार. लाभाची रक्कम सरकारच्या खात्यातून गेली, ती संस्थेच्या वहीत नाही. वहीत राहिला तो फक्त खर्च, आणि तोही अशा जातीचा की जो पाहून दाता कपाळाला आठ्या घालतो.

सुरुवातीला ही संस्था न्यूयॉर्कच्या ‘युनायटेड स्पायनल असोसिएशन’ या मणक्याच्या इजा झालेल्यांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली होती. २००५ च्या सुमारास ती स्वतंत्र झाली, पुढे तिनं फ्लोरिडातल्या जॅक्सनविलमध्ये बस्तान बसवलं. २००९ मध्ये मेलिया बाहेर पडले आणि स्टीव्हन नार्डिझी प्रमुख झाले. ते पेशानं वकील, सैन्यात कधीच नव्हते, पण जखमी सैनिकांच्या संस्थांमध्ये त्यांची उमेदवारी झालेली. त्यांच्याबरोबर कामकाजाची सूत्रं अल जॉर्डानो या माजी मरीनकडे होती. इथून पुढे आलेख सरळ वर चढतो. २०१० मध्ये चार कोटी डॉलरच्या आसपास असलेलं वार्षिक उत्पन्न २०१२ मध्ये पंधरा कोटींच्या पुढे गेलं, २०१४ मध्ये चौतीस कोटींच्या.

एवढा पैसा आला तो टीव्हीवरून. कंट्री संगीतातले गायक ट्रेस अ‍ॅडकिन्स पडद्यावर येऊन खर्जातल्या आवाजात महिन्याला १९ डॉलर मागायचे. सोबत चेहरा भाजलेला, बोलताना अडखळणारा एखादा तरुण आणि शेजारी त्याची आई. हा १९ चा आकडा सहज सुचलेला नाही. एकदाच २२८ डॉलर द्या म्हटलं तर माणूस विचार करतो, बायकोला विचारतो, विसरून जातो. महिन्याचे १९ कार्डावरून आपोआप जातात आणि दोन-तीन वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मात्र असा दाता मिळवायला आधी पैसे मोजावे लागतात. जाहिरात तयार करणं, वेळ विकत घेणं, फोन उचलणाऱ्यांचे पगार, पोस्टानं पाठवायची पाकिटं. पहिल्या वर्षी दात्याकडून येणारी रक्कम बहुतेक वेळा त्याला मिळवण्याच्या खर्चातच जाते. तो टिकला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पैसा खऱ्या कामाला लागतो. त्यामुळे वेगानं वाढणारी संस्था कायमच उधळी दिसते, कारण तिच्या वहीत दर वर्षी पहिल्या वर्षाचे दातेच जास्त असतात. वाढ थांबवली की टक्केवारी आपसूक सुधारते. मग वाढायचं की सुंदर दिसायचं?

नार्डिझींनी उत्तर निवडलं होतं. त्या काळात अमेरिकेत डॅन पॅलोटा नावाचे एक गृहस्थ गाजत होते. एड्स आणि स्तनाच्या कर्करोगासाठी मोठ्या यात्रा भरवून त्यांनी कोट्यवधी डॉलर उभे केले होते आणि वरकड खर्चावरून झालेल्या टीकेत त्यांची कंपनी बुडाली होती. २०१३ च्या मार्चमध्ये टेडच्या व्यासपीठावरून त्यांनी बाजू मांडली. धर्मादाय संस्थेला आपण जाहिरात करू देत नाही, चांगले पगार देऊ देत नाही, धोका पत्करू देत नाही, आणि मग ती लहानच राहते म्हणून हळहळतो. त्याच वर्षी जूनमध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या संस्थांना जोखणाऱ्या तीन मोठ्या संघटनांनी मिळून पत्रक काढलं, की केवळ वरकड खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. नार्डिझी पॅलोटांचे उघड समर्थक होते. हा युक्तिवाद मला बराचसा पटतो. पण तो मांडणाऱ्यावर एक जबाबदारी येते. टक्केवारी फसवी आहे असं म्हणायचं असेल तर आपल्या जाहिरातीत टक्केवारी वापरू नये. वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट मात्र मिरवत होतं, की आमच्या खर्चातला ८०.६ टक्के भाग थेट जखमींच्या कार्यक्रमांवर जातो.

हा आकडा कसा बनला ते खोलात जाऊन बघण्यासारखं आहे, कारण तो खोटा नव्हता. अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थेला आपला खर्च तीन कप्प्यांत मांडावा लागतो: कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधी उभारणी. आता समजा संस्थेनं दहा लाख घरांत एक पाकीट पाठवलं. त्यात मेंदूला मार बसल्याची लक्षणं कोणती, ती दिसली तर कुणाकडे जावं याचा कागद आहे, आणि सोबत देणगीचा फॉर्म. हा टपालखर्च कुठल्या कप्प्यात टाकायचा? लेखापालांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९८ मध्ये यासाठी नियम केला. हेतू, वाचक आणि मजकूर या तिन्ही कसोट्यांवर ते पाकीट उतरलं, म्हणजे त्यात देणगी मागण्यापलीकडे वाचणाऱ्यानं काही करावं असं खरोखर सांगितलेलं असेल, तर खर्चाचा एक हिस्सा ‘जनजागृती’ म्हणून कार्यक्रमाच्या कप्प्यात नेता येतो. कायदेशीर वाट आहे, आणि ही एकच संस्था त्या वाटेनं गेली असंही नाही. पण दात्याला ‘कार्यक्रम’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो कृत्रिम पाय. त्यालाच आलेलं पाकीट येत नाही.

दुसरी गंमत फुकट जाहिरातींची. टीव्ही आणि रेडिओ केंद्रं समाजोपयोगी संदेश पैसे न घेता दाखवतात. लेखापरीक्षित ताळेबंदात अशा वेळेची बाजारभावानं किंमत लावतात आणि तेवढी रक्कम आधी जमेला देणगी म्हणून धरतात, मग तेवढीच खर्चाला कार्यक्रम म्हणून टाकतात. बँकेत एक पैसा आलेला नसतो, बँकेतून एक पैसा गेलेला नसतो, आणि तरी कार्यक्रमावरचा खर्च फुगतो. प्राप्तिकर खात्याकडे भरायच्या ९९० क्रमांकाच्या फॉर्ममध्ये मात्र असा फुकटचा वेळ धरता येत नाही. त्यामुळे एकाच संस्थेची एकाच वर्षाची दोन चित्रं तयार होतात आणि दोन्ही नियमाला धरून असतात. संस्था ताळेबंदाकडे बोट दाखवून ८०.६ म्हणत होती. चॅरिटी नॅव्हिगेटरनं जनजागृतीच्या नावाखालचा मागणीखर्च वजा केला, तेव्हा आकडा ६० टक्क्यांवर आला.

२०१६ च्या २६ जानेवारीपासून सीबीएस वाहिनीनं आणि लगेच पुढे न्यूयॉर्क टाइम्सनं जे छापलं आणि दाखवलं, त्यात हा ६० चा आकडा होताच. पण लोकांच्या डोक्यात बसलं ते दुसरंच. कोलोरॅडो स्प्रिंग्जमधलं ब्रॉडमूर हे पंचतारांकित हॉटेल, २०१४ मध्ये तिथे जमलेले सुमारे पाचशे कर्मचारी, आणि हॉटेलच्या मनोऱ्यावरून दोरानं खाली उतरत सभेत अवतरणारे नार्डिझी. परिषदा आणि बैठकांवरचा खर्च २०१० मध्ये १७ लाख डॉलर होता, २०१४ मध्ये २ कोटी ६० लाख झाला. प्रमुखांचा वार्षिक पगार पावणेपाच लाख डॉलरच्या घरात. डझनावारी आजी-माजी कर्मचारी बोलले, त्यांत स्वतः युद्धात जखमी झालेले होते. दारूच्या मैफली, महागडी विमानतिकिटं, प्रश्न विचारणाऱ्यांना दिलेला नारळ अशा तक्रारी त्यांनी केल्या. वर्तमानपत्रांनी शेजारी तुलना ठेवली: डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्सचा सेवा न्यास ९६ टक्के, फिशर हाउस ९१ टक्के, आणि हे ६०.

या तुलनेत एक खोच आहे. ९६ टक्केवाला न्यास मुख्यतः अनुदानं वाटतो. माणसं, कचेऱ्या आणि सदस्यांची भरती यांचा भार त्याच्या मूळ संघटनेवर असतो, आणि ती संघटना वेगळ्या कायदेशीर वर्गात मोडत असल्यानं तिला असे गुणच दिले जात नाहीत. फिशर हाउस लष्करी रुग्णालयांशेजारी नातेवाइकांसाठी घरं बांधतं. अतिशय नेमकं काम, विटा-सिमेंटचा खर्च, मोजायला सरळ. जखमीला नोकरीला लावणं, त्याच्या बायकोशी बोलणं, रात्री दोनला आलेला फोन उचलणं, याचा खर्च जवळपास सगळा पगाराचाच असतो.

संचालक मंडळानं बाहेरची वकिली कंपनी आणि हिशेबतपासनीस नेमले. १० मार्च २०१६ रोजी नार्डिझी आणि जॉर्डानो दोघांनाही काढून टाकण्यात आलं. त्याच वेळी मंडळानं सांगितलं, की बातम्यांतले बरेचसे आकडे चुकीचे आहेत. ब्रॉडमूरच्या मेळाव्याला तीस लाख डॉलर लागल्याचं छापून आलं होतं, प्रत्यक्षात सुमारे ९ लाख ७० हजार लागले. परिषदांच्या नावाखालच्या खर्चातला ९४ टक्के भाग जखमींसाठीच्या शिबिरांशी आणि कार्यक्रमांशी जोडलेला होता. म्हणजे माणसं काढली, पण आरोप पुरते मान्य केले नाहीत. पुढच्या वर्षी बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्सनंही खर्च संस्थेच्या उद्देशाला धरून होता असा निर्वाळा दिला. उलट मे २०१७ मध्ये सिनेटर चक ग्रासली यांच्या अहवालानं बोट ठेवलं ते नेमकं ८०.६ वर. फुकटचा वेळ आणि जनजागृतीची पाकिटं धरून हा आकडा फुगवला आहे आणि त्यानं दात्यांची दिशाभूल झाली, असं त्यात म्हटलं होतं.

माझ्या मते ग्रासलींनी योग्य जागी हात घातला. मनोऱ्यावरून उतरणं हा बालिशपणा होता, आणि ज्या पोरांचे पाय गेले त्यांच्या नावावर आलेल्या पैशातून तो केला म्हणून संताप झाला हे समजण्यासारखं आहे. पण त्या प्रसंगानं संस्थेचं अर्थकारण बिघडलं नाही. आकड्यानं विश्वास बिघडवला. ज्यांनी टक्केवारी पाहून पैसे दिले, त्यांना दुसरी टक्केवारी दिसली तेव्हा त्यांनी हात आखडला.

लोक आधीच पोळलेले होते, हेही विसरून चालणार नाही. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरातून चालणारी ‘यूएस नेव्ही व्हेटरन्स असोसिएशन’ नावाची संस्था देशभर फोन करून देणग्या गोळा करायची. २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्ग टाइम्सच्या पत्रकारांनी खणून काढलं, की बॉबी थॉम्प्सन नावाचा एकटा माणूस वगळता तिच्या संचालकांपैकी कोणी सापडतच नाही. तोवर सुमारे दहा कोटी डॉलर जमले होते. थॉम्प्सन फरार झाला आणि २०१२ मध्ये पोर्टलंडमध्ये पकडला गेला. त्यानं भाड्यानं घेतलेल्या गोदामातल्या सुटकेसमध्ये ९ लाख ८० हजार डॉलर रोख निघाले. त्याचं खरं नाव जॉन डोनाल्ड कोडी, शिक्षण हार्वर्डमधली कायद्याची पदवी. २८ वर्षांची शिक्षा झाली. या भामट्याच्या संस्थेनंही दर वर्षी नीटनेटके फॉर्म भरले होते. कागद पाहून चोर ओळखता येतोच असं नाही, आणि उधळ्याला चोरांच्या रांगेत उभं करणंही बरोबर नाही. २०१६ च्या गदारोळात ही रेघ बऱ्याच जणांनी पुसली.

त्या गदारोळात आणखी एक आरोप होता, आणि मला तो सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. संस्थेकडे २४ कोटी ८० लाख डॉलर शिल्लक पडून होते. जखमी रस्त्यावर आणि पैसा बँकेत, असा सूर निघाला.

शिल्लक जास्त की कमी हे ठरवायला आधी देणं किती वर्षांचं आहे हे कळलं पाहिजे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. त्या युद्धापोटी दिलं जाणारं शेवटचं पेन्शन थांबलं २०२० च्या मे महिन्यात, उत्तर कॅरोलायनातली एक नव्वद वर्षांची बाई वारली तेव्हा. तिचा बाप त्या युद्धात लढला होता. ती जन्मली तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता, आणि मतिमंदत्वामुळे अवलंबून असलेली मुलगी म्हणून तिला महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट मिळत राहिले. हे टोकाचं उदाहरण झालं. पण हार्वर्डच्या अर्थशास्त्रज्ञ लिंडा बिल्म्स यांनी मांडलेलं सर्वसाधारण चित्रही याच वळणाचं आहे. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या अपंगत्वभरपाईचा खर्च सर्वाधिक झाला तो १९६९ मध्ये, युद्ध थांबल्यावर अर्धशतकानं. तरुणपणी सहन झालेला गुडघा साठीत निकामी होतो, पंचविशीत बसलेला डोक्याचा मार पन्नाशीत बोलू लागतो.

आपल्याकडे पाहायचं तर सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि त्यांच्या आयुष्यावर सिनेमा आला २०२४ मध्ये. शाळेत ७ डिसेंबरला ध्वजनिधीचं तिकीट छातीला टाचून घेतलेल्या आपल्या पिढ्या या प्रश्नाकडे सरकारी काम म्हणूनच बघतात, आणि खडकीच्या १९१७ पासूनच्या क्वीन मेरीज संस्थेसारख्या जागा रोजच्या रस्त्यावर असूनही आपल्या नजरेत येत नाहीत.

देणगी मात्र जखमेच्या वयानं चालत नाही, बातमीच्या वयानं चालते. युद्ध टीव्हीवर असतं तेव्हा १९ डॉलर सुटतात. बातमी सरली की दाता पुढच्या चक्रीवादळाकडे वळतो. म्हणजे पैसा येतो पहिल्या दहा वर्षांत आणि गरज शिगेला पोचते चाळिसाव्या-पन्नासाव्या वर्षी. या दोन टोकांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे साठवलेला पैसा. २०१५ च्या सुमारास संस्थेकडे नोंदलेले जखमी ऐंशी हजारांच्या घरात होते. शिल्लक रकमेला या संख्येनं भागलं तर माणशी तीन हजार शंभर डॉलर येतात. अमेरिकेत मेंदूच्या दुखापतीवरच्या निवासी उपचारांना एवढे पैसे काही दिवसही पुरत नाहीत. ज्या शिलकीवरून संस्थेला झोडपलं गेलं ती मला तिच्या हिशेबातली सर्वांत शहाणी ओळ वाटते. फक्त ती का ठेवली, किती वर्षांसाठी, आणि कुठल्या नियमानं वापरणार, हे तिनं दात्यांना ठळकपणे सांगायला हवं होतं. ट्रेस अ‍ॅडकिन्स आजच्या आईसाठी पैसे मागत होते, पन्नास वर्षांनंतरच्या गुडघ्यासाठी नाही.

सरकार काय करत होतं, असा प्रश्न इथे येईल. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं त्या काळातलं वार्षिक अंदाजपत्रक सोळा हजार कोटी डॉलरच्या वर होतं. त्यापुढे ३७ कोटी म्हणजे चारशे डॉलरमागे एक डॉलरही नाही. पेन्शन, रुग्णालयं, कृत्रिम अवयव हे सगळं सरकारच देतं. धर्मादाय पैसा जातो तो फटींमध्ये: अर्ज मंजूर होईपर्यंतचे महिने, सरकारी यादीत न बसणारे उपचार, काळजी घेणाऱ्या बायकोचा बुडालेला पगार. यातल्या शेवटच्या फटीसाठी २०१० मध्ये कायदा झाला आणि गंभीर जखमींची घरी शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांना मासिक मानधन सुरू झालं. त्यामागेही याच संस्थेची धावपळ होती.

घसरण कशी झाली ते थोडक्यात सांगता येतं. जुलै २०१६ मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकेल लिनिंग्टन प्रमुखपदी आले, आधीच्यांपेक्षा बऱ्याच कमी पगारावर. काही आठवड्यांत त्यांनी सुमारे १५ टक्के कर्मचारी कमी केले, वरिष्ठ पदं निम्म्यावर आणली, काही शाखा बंद केल्या. बाहेर पडलेल्यांत मनोऱ्यावरून उतरणारं कोणी नव्हतं, ते आधीच गेले होते. दाता रागावून १९ डॉलर थांबवतो तेव्हा त्याला वाटतं आपण नार्डिझींना शिक्षा केली. शिक्षा पोचते ती एखाद्या गावातल्या कार्यकर्तीपर्यंत, जिचा नंबर चाळीस जखमींच्या फोनमध्ये असतो. पगार, परिषद आणि जाहिरात यांवर टीका झाल्यानं जाहिरातही आवरती घ्यावी लागली आणि नवे दाते येणं मंदावलं. दोन वर्षांत उत्पन्न चाळीस टक्क्यांहून अधिक खाली गेलं.

आणि इथे ती झोडपली गेलेली शिल्लक कामाला आली. उत्पन्न कोसळत असतानाही संस्थेनं ‘वॉरियर केअर नेटवर्क’ नावाचं काम थांबवलं नाही. मॅसॅच्युसेट्स जनरल, एमरी, रश आणि यूसीएलए या चार विद्यापीठीय रुग्णालयांत मानसिक आघात आणि मेंदूच्या इजांवर दोन-तीन आठवड्यांचे सघन उपचार, जखमीला खर्च शून्य. सुरुवातीच्या तीन वर्षांसाठी संस्थेनं सात कोटी डॉलर कबूल केले होते, २०१८ मध्ये आणखी सोळा कोटींची हमी दिली. अशी हमी वर्षागणिक देणगीवर जगणाऱ्या, हातावर पोट असलेल्या संस्थेला देता येत नाही. रुग्णालय डॉक्टर नेमतं ते पाच वर्षांच्या भरवशावर, पुढच्या महिन्यातल्या जाहिरातीच्या भरवशावर नव्हे.

पुढच्या वर्षांत उत्पन्न पुन्हा चढत गेलं. २०२४ मध्ये लिनिंग्टन यांच्या जागी वॉल्टर पायट हे दुसरे निवृत्त लेफ्टनंट जनरल आले. दोन सेनाधिकारी लागोपाठ नेमण्यामागे विश्वास परत मिळवण्याचा हिशेब असणार हे उघड आहे. गणवेश घातलेल्या माणसाकडून उधळपट्टी होत नाही असं काही नाही, पण देणाऱ्याला तसं वाटतं, आणि संस्थेला तेवढं पुरतं.

११ सप्टेंबर २००१ किंवा त्यानंतर जखमी झालेल्यांनाच ही संस्था नोंदवून घेते. ऑगस्ट २०२१ मध्ये शेवटचं अमेरिकन विमान काबूलहून उडालं, तेव्हा नव्या जखमींचा ओघ जवळपास आटला. नोंदणी मात्र वाढतच राहिली आणि दोन लाखांच्या पलीकडे गेली. युद्धात जखमी म्हणून सैन्यानं अधिकृतपणे मोजलेले लोक तर पन्नास हजारांहून थोडेच जास्त होते. बाकीचे दीड लाख आले कुठून? काहींना झोप लागत नाही हे कबूल करायला दहा वर्षं लागली. काहींनी इराकमधल्या छावण्यांत प्लास्टिक, रंग आणि रुग्णालयातला कचरा उघड्या खड्ड्यांत जाळताना निघालेला धूर रोज छातीत घेतला होता. त्या धुराशी संबंधित कर्करोग आणि फुफ्फुसाचे आजार सेवेतूनच झाले असं धरून चालणारा कायदा झाला २०२२ च्या ऑगस्टमध्ये, इराकवरच्या चढाईनंतर एकोणीस वर्षांनी. त्यांच्यातला विशीतला पोरगा आता चाळिशीत आहे.

मेंदूला जबर मार बसलेल्या, स्वतःच्या हातानं जेवूही न शकणाऱ्यांसाठी संस्थेनं उत्पन्नाच्या भरभराटीत एक वेगळा दीर्घकालीन न्यास काढून ठेवला होता. घरी सांभाळणारं माणूस उरलं नाही तर या जखमींना सरकारी शुश्रूषागृहात जाऊन पडावं लागू नये, एवढाच त्याचा हेतू. कोणत्याही एका वर्षाच्या हिशेबात हा पैसा निष्क्रिय दिसतो आणि टक्केवारी लावणाऱ्याला खुपतो. या जखमींना सांभाळणाऱ्यांत बऱ्याच आया आहेत. २००४ मध्ये पंचेचाळिशीत नोकरी सोडून वॉल्टर रीडला मुलाच्या खाटेशेजारी येऊन बसलेली बाई आता पासष्टीच्या पुढे गेली आहे.